सर हंफ्री डेव्ही आणि दुसऱ्यासाठीं झिजणारी कांडी

आपल्या आजोबा-आजींच्या न्हाणीघरांत पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब असे. चिंचेनें घांसला कीं तो पुनः लखलखूं लागे. हल्लीं पुष्कळ घरांत त्याची जागा विजेच्या गीझरनें घेतली आहे. हा गीझर बाहेरून शुभ्र व गुळगुळीत दिसतो. परंतु त्याच्या पोटांत बहुधा पोलादाची टाकी असते, आणि पोलाद व पाणी यांचें हाडवैर सर्वांस ठाऊक आहेच. मग ही टाकी थोड्याच दिवसांत गंजून फुटत कां नाहीं? याचें कारण असें कीं, टाकीस आंतून काचेसारखा मुलामा दिलेला असतो, आणि शिवाय मॅग्नेशियम धातूची एक कांडी तिच्यांत बुडवून ठेवलेली असते. कारागीर लोक हिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. ही कांडी स्वतः झिजते व टाकीस झिजूं देत नाहीं. ज्या पुरुषानें ही युक्ति प्रथम शास्त्राच्या पायावर उभी केली, आणि जिच्यापायीं त्यास उतारवयांत उपहास सोसावा लागला, त्या सर हंफ्री डेव्ही यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

डेव्ही यांचा जन्म इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकास, कॉर्नवॉल प्रांतांतील पेन्झन्स या समुद्रकांठच्या गांवीं, ता. १७ डिसेंबर १७७८ रोजीं झाला. वडील रॉबर्ट हे लांकडावर कोरीव काम करणारे कारागीर होते. पांच भावंडांत हंफ्री सर्वांत थोरला. शाळेंत त्याच्या अभ्यासाचा विशेष गवगवा नव्हता. सवंगड्यांस गोष्टी सांगून गुंगविणें, गळ टाकून मासे धरणें आणि कविता जुळविणें यांतच त्याचें मन अधिक रमे. परंतु १७९४ सालीं वडील वारले व घरावर कर्जाचा भार राहिला. त्या वेळीं हंफ्रीस सोळा वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. घरची अशी अवस्था झाली म्हणजे थोरल्या मुलाचें पोरपण तेथेंच संपतें. तसें त्याचें झालें. दुसऱ्या वर्षीं त्यास गांवांतील बोर्लेस नांवाच्या वैद्याजवळ उमेदवार म्हणून ठेविलें. दिवसां औषधें तयार करावीं, आणि उरलेल्या वेळांत स्वतःच आंखलेल्या क्रमानें भाषा, गणित, तत्त्वज्ञान व विज्ञान यांचा अभ्यास करावा, असा त्यानें नेम धरिला. १७९७ च्या अखेरीस लाव्हाझ्ये या फ्रेंच पंडिताचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हातीं पडला, आणि तेव्हांपासून रसायन हाच त्याचा ध्यास झाला. प्रयोगशाळा अर्थातच नव्हती. औषधांच्या बाटल्या व घरांतील भांडीं हीच काय ती साधनसामग्री.

याच काळांतील एक गोष्ट पुढील कथेच्या दृष्टीनें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पेन्झन्सपासून जवळच हेल नांवाचें बंदर आहे. तेथील पाणी अडविण्याच्या दारांना तांबें व लोखंड हे दोन धातु एकमेकांस लागून बसविलेले होते, आणि समुद्राच्या पाण्यांत तीं दारें फारच लवकर खाल्लीं जात. असें कां व्हावें, हें त्या वेळीं कोणासच उलगडत नव्हतें. तरुण डेव्ही यांस ही झीज दाखविण्यांत आली. पुष्कळांनीं ती पाहिली असेल व मान हलवून पुढें गेले असतील. डेव्ही यांच्या मनांत मात्र ती गोष्ट बी पेरल्याप्रमाणें राहून गेली. तें बी उगवावयास पंचवीसांहून अधिक वर्षें लागलीं.

डेव्हिस गिडी नांवाच्या एका विद्वान गृहस्थाची या मुलावर नजर गेली, व त्यांच्या शिफारशीनें १७९८ सालीं डेव्ही ब्रिस्टल येथें डॉक्टर बेडोज यांच्या संस्थेंत दाखल झाले. निरनिराळे वायु हुंगावयास देऊन रोग बरे होतात कीं काय, याचा तेथें शोध चालत असे. डेव्ही हे वायु स्वतःवरच करून पाहत; एकदां तर विषारी वायूनें त्यांचा प्राण जावयाचा, तो थोडक्यांत वांचला. नायट्रस ऑक्साइड, ज्यास लोक हास्यवायु म्हणतात, त्याचे गुण त्यांनीं १७९९ सालीं तपासले, आणि १८०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना कमी करण्यास त्याचा उपयोग होईल, असें सुचविलें. ही सूचना तशीच पडून राहिली. १८४४ सालीं अमेरिकेंतील एका दंतवैद्यानें ती गोष्ट प्रत्यक्षांत आणिली, तोंपर्यंत डेव्ही यांस जाऊन पंधरा वर्षें लोटलीं होतीं. आपल्या कल्पनेचें फळ आपल्या डोळ्यांनीं न पाहणें, हें त्यांच्या नशिबीं एकदांच आलें नाहीं, हें पुढें दिसेलच.

१८०१ सालीं लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेनें त्यांस बोलाविलें. बांधा लहानसा, बोलण्यांत गांवाकडची ढब. परंतु व्याख्यानास उभे राहिले व प्रयोग दाखवूं लागले कीं सभागृह तटस्थ होऊन जाई. थोड्याच दिवसांत लंडनांतील प्रतिष्ठित स्त्रीपुरुषांच्या गाड्यांची संस्थेच्या दाराशीं दाटी होऊं लागली. १८०२ सालीं, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते तेथें प्राध्यापक झाले.

इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें १८०० सालीं विजेचा घट जगापुढें मांडिला होता. दोन निरनिराळ्या धातूंच्या चकत्या, मध्यें खारट पाण्यानें भिजविलेलें कापड, आणि त्यांतून वीज वाहते! डेव्ही यांनीं असा विचार केला कीं, धातु व पाणी यांच्या रासायनिक क्रियेंतून जर वीज निघते, तर उलट विजेनेंही रासायनिक बंधनें तुटलीं पाहिजेत. ऑक्टोबर १८०७ मध्यें त्यांनीं वितळलेल्या पोटॅशमधून विजेचा प्रवाह सोडिला, तों त्यांतून चकचकीत गोळ्या बाहेर पडूं लागल्या व हवेंत येतांच पेट घेऊं लागल्या. तें पोटॅशियम होतें. तें पाहून डेव्ही आनंदानें प्रयोगशाळेंत नाचले, असें सांगतात. पुढें थोड्याच दिवसांत सोडियम हातीं आलें. आणि १८०८ सालीं कॅल्शियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम व मॅग्नेशियम हे धातु त्यांनीं त्याच मार्गानें त्यांच्या भस्मांतून मोकळे केले. आपल्या गीझरच्या कांडीचा धातु तो हाच. इंग्लंड व फ्रान्स यांचें युद्ध पेटलेलें असतांही फ्रान्समधील विद्वत्सभेनें डेव्ही यांस विद्युच्छास्त्राचें पारितोषिक दिलें, यावरून त्यांच्या कीर्तीची कल्पना येईल.

१८१२ सालीं त्यांस सर हा किताब मिळाला व त्याच वर्षीं त्यांनीं एका धनवान विधवेशीं विवाह केला. त्याच वर्षीं एका स्फोटक द्रव्याचा भडका उडून त्यांच्या डोळ्यांस इजा झाली. लिहिण्यास मदतनीसाची गरज पडली, व त्या निमित्तानें पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत शिकलेला एक गरीब तरुण त्यांच्या नजरेस आला. १८१३ सालीं त्यांनीं ज्यास संस्थेंत नोकरीस लाविलें, तो हा तरुण म्हणजेच मायकेल फॅरडे.

१८१२ सालीं इंग्लंडच्या उत्तर भागांत फेलिंग येथील कोळशाच्या खाणींत स्फोट होऊन ९२ माणसें दगावलीं होतीं. खाणींतील ज्वालाग्राही वायूस दिव्याची ज्योत लागली कीं असे अनर्थ होत. डेव्ही यांनीं १८१५ सालीं तारेच्या बारीक जाळीनें वेढलेला दिवा तयार केला. जाळीचा धातु ज्योतीची उष्णता शोषून घेतो, त्यामुळें ज्वाला जाळीबाहेर येऊन भोंवतालचा वायु पेटवूं शकत नाहीं. या दिव्याचा सनदी हक्क घेऊन त्यांस अमाप द्रव्य मिळवितां आलें असतें. परंतु तो त्यांनीं घेतला नाहीं. पुढें १८१८ सालीं बॅरोनेट ही पदवी व १८२० सालीं रॉयल सोसायटीचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. लांकूड कोरणाऱ्याचा मुलगा विद्वानांच्या सर्वश्रेष्ठ सभेच्या मुख्य आसनावर बसला.

आतां आपण मूळ विषयाकडे वळूं. त्या काळीं जहाजें लांकडाचीं असत. समुद्रांतील एक प्रकारचा किडा जहाजाचा तळ पोखरी, आणि शेवाळ व शिंपल्यांसारखे चिकट जीव तळाशीं दाटी करून जहाजाचा वेग कमी करीत. यावर उपाय म्हणून १७६१ सालीं इंग्रजी आरमाराच्या अलार्म नांवाच्या जहाजाच्या तळास तांब्याचे पत्रे ठोकून पाहिले. दोन वर्षांनीं तपासतां असें दिसलें कीं, तळ स्वच्छ, परंतु तांब्यास लागून असलेले लोखंडी खिळे पार खाऊन गेले होते. मात्र जेथें पत्र्याभोंवतीं गुंडाळलेला जाड कागद मध्यें तसाच राहिला होता, तेथील खिळे शाबूत होते. या अनुभवावरून आरमारानें पुढें खिळे बदलले, तांबें कायम ठेविलें. परंतु खाऱ्या पाण्यांत तांबेंही झिजे, आणि तें बदलण्याचा खर्च फार येई. म्हणून १८२३ सालीं आरमारखात्यानें रॉयल सोसायटीस सल्ला विचारिला, आणि अध्यक्ष डेव्ही यांनीं तें काम स्वतःच्या अंगावर घेतलें.

हेलच्या बंदरांतील दारें आणि अलार्म जहाजाचे खिळे यांत सर्वांनीं एक दोष पाहिला होता. डेव्ही यांनीं त्यांत एक उपाय पाहिला, हेंच त्यांच्या बुद्धीचें वैशिष्ट्य. दोन भिन्न धातु एकमेकांस लागून खाऱ्या पाण्यांत राहिले, तर त्यांचा एक लहानसा विजेचा घटच बनतो. त्यांतील अधिक चपळ धातु झिजतो, व तो झिजत असेपर्यंत दुसऱ्यास धक्का लागत नाहीं. तांब्याच्या सोबतीनें लोखंड खाल्लें जातें, याचाच अर्थ असा कीं लोखंडाच्या सोबतीनें तांबें वांचतें! मग मुद्दामच तांब्यास लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडून कां पाहूं नये? त्यांनीं प्रयोग केले. वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचें टोंक चाळीसपन्नास चौरस इंच तांब्याचें रक्षण करण्यास पुरे पडलें. तांब्याच्या पृष्ठभागाच्या चाळिसाव्यापासून दीडशेंव्या हिश्शापर्यंत जस्त वा बीड लाविलें, तर तांब्याची झीज मुळींच होत नाहीं, असें त्यांस आढळलें. जानेवारी १८२४ मध्यें त्यांनीं हा शोध रॉयल सोसायटीपुढें मांडिला. त्याच वर्षीं भारतांत कोचीन येथें बांधलेल्या समारंग नांवाच्या जहाजास बिडाचे ठोकळे लावून तें दूर नोव्हास्कोशियापर्यंत पाठविलें. परत आल्यावर तांबें चांगलें राहिलें असल्याचें दिसलें. मग आरमाराच्या अनेक जहाजांस असे ठोकळे लाविण्यांत आले.

परंतु समुद्राचें उत्तर अद्याप यावयाचें होतें. रक्षण केलेल्या जहाजांचें तांबें नव्यासारखें राहिलें खरें; पण त्यावर शेवाळ व शिंपले यांचें रान माजूं लागलें! झालें होतें असें: तांबें झिजतांना त्याचा विषारी क्षार पाण्यांत उतरे, आणि तोच त्या जिवांस दूर ठेवीत असे. झीज थांबली, तसें विषही थांबलें. त्यांतच रक्षित तांब्यावर चुना व मॅग्नेशिया यांचा पांढरा थर बसे, आणि त्यावर शेवाळास मूळ धरण्यास आयतीच जागा मिळे. जहाजें जड झालीं, मंद झालीं. १८२५ सालीं बंदरांत उभ्या असलेल्या जहाजांवरून ठोकळे काढून घेण्याची आज्ञा झाली, व १८२८ सालीं ही योजना सर्वस्वीं सोडून देण्यांत आली. तांबें वांचविण्याचा प्रश्न डेव्ही यांनीं बरोबर सोडविला होता. परंतु जहाजावर तांबें लाविलें होतें तें मुळीं झिजण्यासाठींच, ही गोष्ट कोणाच्याच ध्यानांत आली नव्हती.

वर्तमानपत्रांतून टीकेची झोड उठली. डेव्ही मानी होते, आणि मोठेपणीं त्यांच्या स्वभावांत एक प्रकारचा कडवटपणाही आला होता. ज्या फॅरडेस त्यांनींच पुढें आणिलें, त्याच्या निवडणुकीस १८२४ सालीं त्यांनीं विरोध केला, हें त्यांच्या चरित्रांतील एक वैगुण्य झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. ही फजीती त्यांच्या मनास फार लागली. १८२६ च्या अखेरीस त्यांस अर्धांगाचा झटका आला. १८२७ सालीं त्यांनीं अध्यक्षपद सोडिलें व प्रकृतीसाठीं ते युरोपांत फिरत राहिले. लहानपणचा गळ त्यांनीं पुनः हातीं घेतला, आणि मासे धरण्याच्या विषयावर एक पुस्तकही लिहिलें. ता. २९ मे १८२९ रोजीं स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. त्यांस तेथेंच पुरण्यांत आलें.

तरीपण त्यांची युक्ति त्यांच्याबरोबर पुरली गेली नाहीं. १८२४ सालच्याच दुसऱ्या निबंधांत त्यांनीं असें सुचवून ठेविलें होतें कीं, वाफेच्या यंत्राच्या लोखंडी बॉयलरमध्यें जस्ताचा किंवा कथलाचा तुकडा ठेविला, तर बॉयलरची झीज टळेल. पुढें लांकडी जहाजें जाऊन लोखंडी आलीं, तेव्हां त्यांच्या तळास जस्ताचे ठोकळे लावूं लागले. जमिनींत पुरलेले नळही याच तत्त्वानें रक्षिले जातात. आणि पाणी तापविण्याच्या टाकींत तर डेव्ही यांचा उपाय अगदीं चपखल बसला. कारण तेथें ना शेवाळाचें भय, ना शिंपल्यांचें. त्यासाठीं वापरला जाणारा धातु बहुधा त्यांनींच भस्मांतून मोकळा केलेला मॅग्नेशियम असतो. कोठें कोठें अ‍ॅल्युमिनियमही वापरतात.

ही कांडी साधारण बोटाएवढी जाड असून तिच्या मध्यें पोलादी तार असते. टाकीच्या मुलाम्यास कोठें सूक्ष्म चीर असली, तर तेथें उघड्या पडलेल्या पोलादाऐवजीं मॅग्नेशियम विरघळतें. पाणी कसें आहे यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें. सामान्यतः तीन ते पांच वर्षांत ती संपत येते. म्हणून वर्षादोन वर्षांनीं ती पाहून घ्यावी. कांडी खडबडीत झाली असेल तर चिंता नाहीं, ती आपलें काम करीत आहे. परंतु आंतील तार उघडी दिसूं लागली असेल, तर विलंब न लावतां नवी बसवावी. कांडी संपल्यावर झिजण्याची पाळी टाकीचीच येते, आणि टाकीस एकदां छिद्र पडलें कीं सारा गीझरच टाकून द्यावा लागतो.

कांडी बदलण्याची रीत अशी. प्रथम विजेचें बटन बंद करून मुख्य जोडणीही तोडावी, व पाणी निवूं द्यावें. मग थंड पाण्याची तोटी बंद करून गरम पाण्याचा नळ उघडावा, म्हणजे आंतील दाब उतरतो. मोठ्या उभ्या टाक्यांत कांडीचें षट्कोनी डोकें वरच्या बाजूस असतें. तेथें थोडेंसेंच पाणी काढून पान्यानें तें सोडवितां येतें. आपल्याकडील भिंतीवरच्या गीझरमध्यें मात्र ती बहुधा खालच्या झांकणास, तापविणाऱ्या दांड्याशेजारीं असते. तेव्हां टाकी पूर्ण रिकामी केल्याशिवाय झांकण उघडूं नये. नवी कांडी बसवितांना आट्यांवर गळती रोखणारी फीत गुंडाळावी, किंवा झांकणाची रबरी चकती नवी घालावी. शेवटीं टाकी पाण्यानें भरून, गळत नाहीं अशी खात्री झाल्यावरच वीज सुरू करावी. रिकाम्या टाकींत वीज सोडल्यास तापविणारा दांडा जळून जातो. हें काम जाणत्या कारागिराकडून करून घ्यावें, अशी पालकांस विनंती आहे. विद्यार्थ्यांनीं स्वतः हात घालूं नये. परंतु कारागीर जुनी कांडी बाहेर काढील, तेव्हां जवळ उभे राहून ती अवश्य पाहावी.

ती जुनी, खाचा पडलेली, अर्धी विरलेली कांडी पाहिलीत म्हणजे डेव्ही यांचें स्मरण करा. एखाद्या ठिकाणीं आपला प्रयत्न फसला, लोक हंसले, म्हणजे आपला विचारच खोटा होता असें ठरत नाहीं. तो कोठें उपयोगी पडेल व कोठें नाहीं, एवढेंच त्यावरून कळतें. जहाजावर जें टाकाऊ ठरलें, तेंच आज असंख्य घरांतून, कोणाच्या नजरेस न पडतां, आपलें काम चोख बजावीत आहे.